बाबांना पुढे चालू द्या
आई-बाबांना घेऊन उंच शिखरावर जाताय ना, मग त्यांना पुढे ठेवा आणि तुम्ही मागे चाला, कारण आपण पुढे असलो की ते आपल्याला गाठायच्या नादात दमतात आणि दमलोय हे काही केल्या सांगत नाहीत (माझे बाबा तर अजिबातच नाही). गप्पा मारत राहा, बोलताना धाप लागली म्हणजे स्पीड जास्त झालाय. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाले तर तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. आणि बोलण्यात गोंधळ किंवा चालताना तोल जायला लागला तर सकाळची वाट न बघता लगेच खाली उतरवा.