झाडाखाली पुदिना, गवती चहा लावताय? आधी पाण्याचं बघा

सासवडच्या बाजूला आमची थोडी सीताफळाची बाग आहे, राहतो पुण्यात, जातो शनिवार-रविवार. झाडांमधली मोकळी जागा बघून दरवेळी हात शिवशिवायचे, शेवटी लावला पुदिना. आला पण झकास. पण सीताफळाची पानगळ सुरू झाली की पाणी तोडायचं असतं, म्हणजे झाडाला ताण बसून पुढे कळी एकदम निघते, आणि मी काय केलं तर पुदिना सुकतोय म्हणून ड्रिप चालूच ठेवायला सांगितलं, मग झाडाला ताण कुठून बसणार, कळी मागेपुढे निघाली आणि त्या वर्षी फळं कमी, पानंच जास्त. सावली किती, ऊन किती हे सगळे विचारतात, पाण्याचं कोणी विचारत नाही.

तर पहिलं काम म्हणजे तुमच्या झाडाचं पाणी कधी बंद असतं ते कॅलेंडरवर लिहा. सीताफळाला पानगळीनंतर ताण, आंब्याला मोहोराआधी दोन-तीन महिने पाणी बंद, अंजिराचं खट्टा (पावसाळी) बहार धरताय का मीठा (उन्हाळी) त्याच्यावर. चिकूला मात्र ताणाची भानगड नाही, वर्षभर थोडंथोडं फळ देतो, त्यामुळे पुदिना लावायचाच तर चिकूच्या घेराच्या, म्हणजे फांद्यांच्या पसाऱ्याच्या, कडेला लावा, अगदी आत नको, तिथे अंधार असतो. सीताफळाखाली कोथिंबीर-शेपू पावसाळा संपता संपता पेरा, ताण सुरू व्हायच्या आत काढून मोकळे. गवती चहा एकदा मुळं धरली की कमी पाण्यावर तग धरतो, वाळल्यासारखा दिसतो पण पाणी मिळालं की परत फुटतो. मोठ्या आंब्याच्या दाट सावलीत यातलं काहीच धड येत नाही, तुळस तर नुसती उंच आणि लुकडी होते, तिथे सरळ आंबेहळद लावा.

दुसरं, जागा आखायची. बुंध्यापासून दोन-तीन फूट काही म्हणजे काही लावायचं नाही, ओल धरून खोड कुजतं. आणि झाडाच्या घेराखाली कुदळ घालू नका, पाणी-खत शोषणारी पांढरी मुळी वरच्या फूट-दीड फुटातच असते, तुटली की झाड बसतं. वरून शेणखताचा तीन-चार इंचाचा थर द्या आणि त्यातच लावा. झाडं दोन-तीन वर्षांची असतील तर गवती चहा जवळ नकोच, तो खादाड आहे, छोट्या झाडाचं खत तोच खातो, त्याला बांधावर नाहीतर दोन ओळींच्या बरोबर मध्ये ठेवा.

लावणीत फार काही नाही. गवती चहाचे ठोंब फोडायचे, पानं वरून छाटायची, दोन-दोन फुटांवर जूनच्या पावसात लावायचे. पुदिन्याच्या बोटभर काड्या आडव्या दाबल्या तरी पुरे, फक्त पाणी साचू देऊ नका. धने हलके रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवून पेरायचे. तुळशीचं बी बारीक, वाळूत मिसळून आधी रोपं करा. पण एक सांगतो, डाळिंबाच्या किंवा अंजिराच्या मुळांवर गाठी दिसत असतील तर सूत्रकृमी (मुळांत राहणारी बारीक कीड) आहे, तिथे तुळस लावू नका, ती स्वतःच त्याला बळी पडते. झेंडू लावा.

तुळशीवर मधमाश्या येतात म्हणून सीताफळ जास्त धरतं असंही सांगणारे भेटतात. सीताफळाचं परागीभवन छोटे भुंगे करतात, मधमाश्यांचा त्यात फारसा संबंध नाही, आणि आपल्या पूना जातीच्या अंजिराला तर परागीभवन लागतच नाही. पेरूखाली तुळस लावली असेल तर मधमाश्यांचा उपयोग होतो, तेवढं खरं.

ड्रिपचं म्हणाल तर खालच्या पिकाला वेगळी लॅटरल (ओळीतली बारीक नळी) आणि वेगळा व्हॉल्व्ह टाका, तोही झाडाच्या घेराबाहेर. खर्च थोडा वाढतो पण ताणाच्या वेळी हाच व्हॉल्व्ह कामाला येतो. मी सुरुवातीला तोच वाचवला होता!

आता फवारणी, इथे खरंच डोकं वापरा. अंजिरावर तांबेऱ्यासाठी (पानांवरचा बुरशीचा रोग) बोर्डो मारलं की ते मोरचूद-चुन्याचं पाणी खाली कोथिंबिरीवरच ठिबकतं, आणि ती आपण कच्चीच खातो. औषधाच्या डब्यावर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, पण ते त्या फळासाठी असतं, खालच्या पालेभाजीसाठी नाही. त्यामुळे फवारायच्या आधी खालचं सगळं कापून घ्या, नाहीतर त्या हंगामात खाली खायचं पीक घेऊच नका, झेंडू राहू द्या.

गवती चहा साधारण चार महिन्यांनी पहिल्यांदा कापायला येतो, जमिनीपासून चार-सहा इंच ठेवून कापायचा, मग दर अडीच-तीन महिन्यांनी. फुल शर्ट घाला, पात हात चिरते. तुळशीच्या मंजिऱ्या आल्या की खुडत राहा, पाला वाढतो. आणि वाळवायचं असेल तर सावलीत, पंख्याखाली, उन्हात टाकलं तर वास निम्मा उडून जातो, आमच्या गच्चीवर पहिली जुडी अशीच नुसतं गवत होऊन गेली.