कंटेम्पररी डान्सच्या दोन ऑफर हातात? निवडताना या चुका टाळा

मे-जून आला की बेळगावातल्या शहापूरच्या माझ्या डान्स क्लासमध्ये एखादी आई पिशवीतून कागद काढतेच. "सर, दोन्हीकडचं पत्र आलंय की ओ. कुठं पाठवू सांगा." मी पत्रं बाजूला ठेवतो आणि टाइमटेबल मागतो. ते बहुधा कुणी मागवलेलंच नसतं.

सगळ्यांत महागात पडणारी चूक ती हीच: डिग्रीचं नाव वाचून निर्णय घेणं. आपल्याकडे 'बीए डान्स' किंवा 'बीपीए (परफॉर्मिंग आर्ट्सची पदवी) डान्स' म्हटलं की आत बहुतेक ठिकाणी भरतनाट्यम नाहीतर कथक असतं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबईचं नालंदा या चांगल्याच जागा, पण शास्त्रीय नृत्यासाठी. उलट बेंगळूरच्या अटक्कलरी या संस्थेचं नाव कंटेम्पररीसाठीच, म्हणजे शास्त्रीय चौकटीबाहेरच्या आजच्या नृत्यासाठीच झालं, पण तिथला अभ्यासक्रम डिप्लोमाचा. ती पदवी नव्हे. पुढं एमए करायचं मनात असेल तर डिप्लोम्याच्या जोडीला इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून बीए करायची तयारी ठेवा. दोन वर्षांनी हे कळलं तर फार चरफड होते.

म्हणून पहिल्या वर्षाचा एक अख्खा आठवडा कागदावर मागा. टेक्निक क्लास रोज आहे का, किती तास, कोण घेतं? इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल तसं नाचणं) आणि कोरिओग्राफीला (नाच रचणं) किती वेळ? पाहुणे शिक्षक 'येतात' की फक्त माहितीपत्रकात असतात? माझंच सांगतो. तरुणपणी एका खासगी संस्थेत मी फी भरली ती 'कंटेम्पररी' हा शब्द बघून. प्रत्यक्षात आठवड्याला दोन तास कंटेम्पररी, उरलेला वेळ शाळांची गॅदरिंगं बसवण्यात. गॅदरिंग बसवायला मला बेळगावातही येत होतं.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपण सगळे शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून शिकलो. रोज तासभर चालतं, पण दिवसाला पाच-सहा तास उड्या मारायला लागलं की नडगी ठणकायला लागते. डान्सच्या फ्लोअरला खाली लाकडाचा लवचीक सांगाडा हवा, वर व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकसारखं आच्छादन. फोटोत मात्र काँक्रीटवर चिकटवलेलं व्हिनाइलही तसंच झकास दिसतं. प्रत्यक्ष गेलात तर चप्पल काढा आणि टाच आपटा. 'टक्' वाजलं आणि झिणझिणी गुडघ्यापर्यंत आली, तर खाली काँक्रीट आहे. चांगला फ्लोअर 'धप्प' वाजतो आणि थोडा दबतो. जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर तिथल्या विद्यार्थ्याला हेच करायला सांगा.

परदेशातली ऑफर असेल तर फक्त फी बघू नका. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च सलग 28 दिवस खात्यात दाखवावा लागतो. जमीन विकून आदल्या दिवशी भरलेले पैसे चालत नाहीत. शिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार वर्षाला 776 पौंड, तोही सगळ्या मुदतीचा अर्जासोबत एकदम. आणि 'लंडन म्हणजे लंडन' असंही नाही. लंडन कंटेम्पररी डान्स स्कूल 1966 साली सुरू झालं ते अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमच्या तंत्रावर. लंडनच्याच ट्रिनिटी लाबान या संस्थेचं मूळ रुडॉल्फ लाबानच्या हालचालींच्या अभ्यासात. आज दोन्हीकडे बरंच मिसळलंय, तरी तुमच्या मुलीला नाचायचंय की नाच रचायचाय, हे आधी तिलाच विचारा.

कागदपत्रांत आपल्या भागाची म्हणून एक कटकट आहे. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. जन्मदाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, शिवाय आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक दाखल्यावर निराळं. ऑफर येण्याआधीच हे जुळवून घ्या. कन्नड दाखल्यांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरंही करून ठेवा. महाराष्ट्रात प्रवेश घेताना सीमाभागातल्या, महाराष्ट्र हक्क सांगतो त्या 865 गावांतल्या मुलांसाठीची सवलत तुमच्या अभ्यासक्रमाला लागू आहेच असं धरून चालू नका. प्रवेश कक्षाकडून लेखी उत्तर घ्या.

आता नेहमीचा पेच: पहिल्या ठिकाणी फी भरायची शेवटची तारीख सोमवार, दुसरीकडचा निकाल शुक्रवारी. घाबरून भरू नका. दोन ओळींचा मेल टाकून आठवड्याची मुदत मागा, पुष्कळदा मिळते. भरूनच बसला असाल आणि संस्था यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) कक्षेतली असेल, तर 2018 च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान 15 दिवस आधी रद्द केल्यास जास्तीत जास्त 5,000 रुपये कापून बाकी फी परत मिळते. त्यानंतर परताव्याची रक्कम घटत जाते. खासगी डिप्लोमा अकादमीला हा नियम लागत नाही, तिथं पावतीमागच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा. आणि कुणी "ओरिजिनल इथंच ठेवा" म्हणालं तर सरळ नाही म्हणा. पडताळणीला दाखवा, झेरॉक्स द्या, आणि मूळ मार्कशीट परत पिशवीत घालूनच बाहेर पडा.