स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर लिबरऑफिस: माझा अनुभव

वर्डच्या फाइलींची पीडीएफ लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरने सर्व्हरवरच बनवायची होती आणि सर्व्हरला ना मॉनिटर ना डेस्कटॉप. बरेच जण एक्सव्हीएफबी टाकून खोटा डिस्प्ले उभा करायला सांगतात, पण नुसत्या कन्व्हर्जनसाठी त्याची गरजच नाही, लिबरऑफिसच्या एसऑफिस कमांडला हेडलेस (म्हणजे स्क्रीनशिवाय चालव) आणि कन्व्हर्ट-टू पीडीएफ एवढे पर्याय दिले की झालं. टर्मिनलवरून लगेच चाललं, वेबसर्व्हरमधून मात्र पीडीएफच येईना, धड एररही नाही! खोदून पाहिलं तर कळलं की लिबरऑफिसला स्वतःचं प्रोफाइल (म्हणजे सेटिंग्जच्या फाइली) लिहायला फोल्डर लागतं आणि वेबसर्व्हरच्या युजरला त्याच्या होम फोल्डरमध्ये लिहायची परवानगीच नव्हती. मग यूजरइन्स्टॉलेशन सेटिंगने प्रोफाइल टेम्प फोल्डरमध्ये वळवलं आणि गाडी सुरू. दोन फाइली एकदम आल्या तर एकाच प्रोफाइलवर भांडण होतं, दुसरी फाइल कधीकधी गुपचूप राहूनच जाते, म्हणून प्रत्येक जॉबला वेगळं प्रोफाइल द्या, हे अजिबात टाळू नका. आणि हो, मराठीच्या जागी चौकोन आले तर बहुतेक सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नसतो, नोटो किंवा लोहित टाका आणि एफसी-कॅश (फॉन्टची यादी ताजी करणारी कमांड) चालवा. जावा एवढ्या कामाला लागत नाही, उगाच टाकू नका.