ग्रामीण पोलीस ठाण्याची मनुष्यबळ आणि निधीची मागणी आकड्यांत कशी मांडावी

'मनुष्यबळ अपुरे आहे, वाढवून मिळावे' या एका वाक्याचं पत्र जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक ठाण्याकडून पोलीस अधीक्षक कार्यालयात जातं. म्हणूनच ते फाइलला लागून राहतं. मागणी पुढे सरकते ती हिशेबाने.

सुरुवात तीन रकान्यांनी करा: मंजूर, हजर, उपलब्ध. खरी गोम तिसऱ्यात आहे. कागदावर ठाण्याकडे हजर असलेल्यांपैकी कोणी स्थानिक गुन्हे शाखेला संलग्न असतो, कोणी नियंत्रण कक्षाला, कोणी प्रशिक्षणाला, कोणी दीर्घ वैद्यकीय रजेवर. हजेरी मेजरच्या (ठाण्यातली हजेरी आणि कामवाटप पाहणारा अंमलदार) नोंदींवरून मागच्या सहा महिन्यांतल्या प्रत्येक महिन्याची 10 तारीख घ्या आणि त्या दिवशी प्रत्यक्ष किती जण हाताशी होते ते लिहा. सणाच्या बंदोबस्ताचा दिवस मुद्दाम निवडू नका. तिथेच पत्रावरचा विश्वास जातो.

आता चोवीस तास भरलेल्या ठेवाव्या लागणाऱ्या जागा मोजा. आठ तासांच्या पाळीने एका जागेला वर्षाला 365 गुणिले 3, म्हणजे 1,095 पाळ्या लागतात. एका अंमलदाराचे 365 दिवसांतून साप्ताहिक सुट्टीचे 52, अर्जित रजेचे 30, किरकोळ रजेचे 20 आणि साक्ष, प्रशिक्षण, बाहेरचा बंदोबस्त मिळून 23 दिवस वजा केले, तर 240 उरतात. (शेवटचा आकडा आपल्या नोंदींवरून बदला.) 1,095 भागिले 240 म्हणजे 4.56. एका खुर्चीमागे साडेचार माणसं! ठाणे अंमलदार (ठाण्यात आलेली तक्रार नोंदवून घेणारा) एक आणि 112 या आपत्कालीन क्रमांकाच्या गाडीवर चालकासह दोघं, एवढ्या तीनच जागांना 14 जण लागतात. बारा तासांची पाळी लावली तर दहाच्या आत भागतं, पण तो फरक माणसांच्या झोपेतून काढलेला असतो. प्रस्तावात दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा.

मुद्देमाल (जप्त वस्तू), बारनिशी (आवक-जावक टपाल), सीसीटीएनएस (गुन्ह्यांच्या नोंदींची संगणक प्रणाली), समन्स-वॉरंट, गोपनीय माहिती आणि कोर्ट पैरवी (न्यायालयातल्या खटल्यांचा पाठपुरावा) ही कामं दिवसाची, म्हणून वेगळी धरा. प्रत्येकाला दुसरा जाणकार तयार ठेवा, नाहीतर मुद्देमाल कारकून रजेवर गेला की न्यायालयात हजर करायचा मुद्देमाल खोलीतच अडकतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. पंचनामा लिहिणाऱ्यासोबत चित्रीकरणाला आणखी एक जण गुंततो, हेही हिशेबात दाखवा.

महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 खालच्या पोलीस पाटलांची रिक्त पदं बहुतेक ठाणी विसरतात. पाटील नसलेल्या गावची प्रत्येक बारीक खबर बीट अंमलदाराला (त्या गावांचा भाग सोपवलेला पोलीस) स्वतः जाऊन आणावी लागते. रिक्त गावांची यादी, ठाण्यापासूनच्या अंतरासह, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना वेगळ्या पत्राने पाठवा, कारण नेमणूक त्यांच्याकडे आहे.

निधीसाठी जवळचा मार्ग जिल्हा नियोजन समितीचा. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, तेव्हा प्रस्ताव एप्रिल-मे महिन्यातच अधीक्षक कार्यालयामार्फत द्या. फेब्रुवारीत दिलेल्या प्रस्तावाला मान्यता मिळाली तरी खरेदीला वेळ उरत नाही. गाडी मागताना चालक कोण, डिझेल आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, हे त्याच पानावर लिहा. गाडी एकदाच विकत घ्यायची असते, डिझेल रोज लागतं. चालकाविना नवी गाडी आवारात उभी राहिली की पुढची मागणी मागे पडते. दूरक्षेत्राच्या (ठाण्याखालच्या पोलीस चौकीच्या) इमारतीसाठी ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही. जागा गायरान असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते.

व्यापारी किंवा ठेकेदाराकडून डिझेल भरून घेऊ नका. उद्या त्याच्याविरुद्ध तक्रार आली तर तपास तुम्हालाच करायचा आहे, आणि तक्रारदाराला ते डिझेल माहीत असतं.

ग्रामपंचायत कॅमेरे देत असेल तर आधी साठवणुकीचा हिशेब करा. 2 एमबीपीएस दराने एक कॅमेरा दिवसाला 21.6 जीबी भरतो. आठ कॅमेऱ्यांचं 30 दिवसांचं चित्रण सुमारे 5.2 टीबी होतं, म्हणजे 6 टीबीची हार्ड डिस्क हवी. 1 टीबीची बसवली तर सहाव्या दिवसापासून जुनं पुसलं जातं, आणि चोरीची फिर्याद आठवड्याने आली तर दाखवायला काहीच उरत नाही. वीजबिल आणि वार्षिक देखभाल कोणाकडे, तेही ठरावात लिहून घ्या.