जर्मनीत पाडव्याला श्रीखंड, चक्का न बांधता

पाडव्याला इथे सुट्टी नसते, मग ऑफिस करून दहा-बारा मित्रांना जेवायला बोलवायचं म्हटलं की श्रीखंडासाठी दही लावा, ते टांगा, एवढा वेळ कुठून आणायचा? त्यावर उपाय म्हणजे क्वार्क, म्हणजे इथलं चक्क्यासारखं मऊ, ताजं चीज, कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं.

१. ४०% वालं क्वार्क घ्या, ५०० ग्रॅमचे दोन डबे. (हे ४०% म्हणजे पाणी सोडून उरलेल्या भागातलं फॅट, एकूण वजनातलं नाही, त्यामुळे आकडा बघून घाबरू नका.) डब्यावर 'मागर' लिहिलेलं नको, त्यात फॅट जवळपास नसतंच आणि श्रीखंड कोरडं, रवाळ लागतं.

२. आदल्या रात्री चाळणीत स्वच्छ पातळ कापड घालून त्यात क्वार्क ओता, खाली पातेलं, आणि सगळं फ्रीजमध्ये. सकाळी तळाला हिरवट पाणी साचलेलं दिसेल.

३. ३५० ग्रॅम पिठीसाखर, चमचाभर कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलची, थोडं जायफळ घालून हातानेच घोटा. मिक्सर अजिबात नको, पातळ होतं. साखर घातल्यावर सैल वाटलं तरी थांबा, तासभर फ्रीजमध्ये ठेवलं की परत आळतं.

क्वार्क आपल्या चक्क्यापेक्षा जरा कमी आंबट असतं, म्हणून साखर एकदम सगळी घालू नका, चाखत चाखत घाला.

आणि एक, पाडवा रविवारी किंवा सोमवारी आला तर खरेदी शनिवारीच उरका, रविवारी इथे दुकानं बंद असतात.