लो बँडचा वॉकी-टॉकी घ्यायचाय? आधी अँटेना बघा, मग सेट

अमेरिकेत शहराबाहेर राहणारे आपले बरेच मराठी लोक आता गावच्या स्वयंसेवी फायर कंपनीत (अग्निशमन दलात) जातात, काहींनी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा दिलेली असते, आणि मग कधी ना कधी लो बँडवर चालणारा हातातला सेट कुठला घ्यावा हा प्रश्न येतोच. मी दोन्हीकडे आहे आणि पहिला सेट घेताना माझे पैसे वाया गेलेत, तुमचे जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम म्हणजे कागद घ्या आणि तुम्हाला नक्की कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचंय ते दशांशासकट लिहा. नुसतं "लो बँड" लिहून भागत नाही. अमेरिकेत लो बँड म्हणजे साधारण 30 ते 50 मेगाहर्ट्झ, त्याला लागूनच हॅमवाल्यांचा 6 मीटरचा बँड, 50 ते 54. तिकडे ब्रिटनमध्ये मात्र लो बँड म्हटलं की 68 ते 88 च्या आसपासचं धरतात, त्यामुळे तिकडून कोणी स्वस्तात "लो बँड सेट" विकत असेल तर तो इथे काही कामाचा नाही. आणि अमेरिकेतल्या अमेरिकेतसुद्धा एकच मॉडेल दोन-तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत येतं, त्याला स्प्लिट म्हणतात. माझं नेमकं इथेच चुकलं. आमच्या फायर कंपनीचं काम 46 मेगाहर्ट्झच्या वर चालतं, मी ऑनलाइन एक जुना सेट घेतला, जाहिरातीत फक्त लो बँड लिहिलेलं होतं, घरी आल्यावर बॅटरी काढून मागचं लेबल बघितलं तर पट्टा 42 लाच संपत होता. विकणाऱ्याने परत घेतला नाही. म्हणून विकणाऱ्याकडून बॅटरी काढून लेबलचा फोटो मागवा, त्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर उत्पादकाच्या कॅटलॉगशी जुळवा, आणि फोटो द्यायला कोणी तयार नसेल तर तो सेट सोडून द्या.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे ऐकणं आणि बोलणं यातला फरक. बऱ्याच हॅम सेटवर मोठ्या अक्षरात 0.5 ते 999 मेगाहर्ट्झ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते फक्त ऐकण्यापुरतं. उदाहरणार्थ येसू (Yaesu) कंपनीचा व्हीएक्स-6आर, हा 50 मेगाहर्ट्झ ऐकतो पण त्यावर बोलू शकत नाही, त्याच घरातला व्हीएक्स-7आर मात्र 6 मीटरवर 5 वॅटने बोलतो. नावात एका आकड्याचा फरक आहे, कामात जमीन-अस्मानाचा. त्यामुळे माहितीपत्रकात ट्रान्समिटची ओळ वेगळी शोधायची. आणि तुम्हाला नुसतंच ऐकायचं असेल तर सेटच्या भानगडीत पडू नका, चांगला स्कॅनर घ्या, पैसे पण वाचतील आणि चुकून बटण दाबलं जायची भीती पण नाही.

बोलायचं असेल तर लायसन्स आलंच. 6 मीटरसाठी टेक्निशियन, म्हणजे हॅमचं पहिल्या पायरीचं लायसन्स पुरतं, 35 प्रश्नांची परीक्षा, 26 बरोबर आले की पास, खरंच अवघड नाहीये, जरूर द्या. फायर किंवा शेती-जंगलकामाच्या फ्रिक्वेन्सीवर मात्र लायसन्स त्या संस्थेचं लागतं आणि सेटही एफसीसीच्या (अमेरिकेची रेडिओ-दूरसंचार नियामक संस्था) पार्ट 90 नियमांखाली मान्यता असलेला लागतो, हॅमचा सेट तिथे चालत नाही. अशा कामाला मोटोरोलाच्या एचटी1250 चा लो बँडवाला प्रकार अजून लोक शोधून शोधून घेतात, पण तो आता जुन्या बाजारातच मिळतो, आणि त्याचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर आणि केबल तुमच्या ओळखीत कोणाकडे आहे का ते सेट घ्यायच्या आधी विचारा, नाहीतर सेट कपाटात पडून राहतो.

आता मुख्य मुद्दा, अँटेना. साधी अँटेना नीट चालायला लहरीच्या लांबीच्या पाव भागाएवढी, म्हणजे पाव तरंगलांबीची, हवी; ती लांबी काढायला 71.3 ला मेगाहर्ट्झने भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. वरच्या बँडमधल्या 154 मेगाहर्ट्झला 46 सेंटिमीटर येतात, लो बँडमधल्या 46 मेगाहर्ट्झला दीड मीटरच्या वर, आणि 33.9 ला 2.1 मीटर, म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा जास्त. आणि सेटवर येते ती रबरी अँटेना असते वीतभर! एवढी लांबी त्या वीतभरात गुंडाळल्यावर ताकदीचा मोठा भाग वाया जाणारच, मग सेट 5 वॅटचा असो की 6 चा. हीच गोष्ट कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल कित्येक दशकं लो बँडवर आहे, कारण डोंगर-वाळवंटात या लहरी लांब जातात, पण त्यांच्या गाड्यांवर लांबलचक अँटेना असते आणि अधिकाऱ्याच्या कमरेचा सेट वरच्या बँडवर गाडीशी बोलतो, पुढे गाडी लो बँडवर बोलते. म्हणजे ज्यांचा जन्म यात गेला त्यांनीसुद्धा हातातल्या लो बँडवर भरवसा ठेवलेला नाही. तुमच्याकडे गाडी कायम जवळ असेल तर गाडीतला सेट घ्या, असंच मी सांगेन.

तरी हातातलाच हवा असेल तर दोन गोष्टी करा. सरकणारी लांब अँटेना घ्या, सेटचा कनेक्टर कुठला आहे ते बघून. आणि एक साधी मऊ वायर घ्या, 52.525 साठी, म्हणजे 6 मीटरवर एफएमवाले पहिली हाक मारतात त्या फ्रिक्वेन्सीसाठी, 1.36 मीटर कापा, तिचं एक टोक अँटेनाच्या बुडाशी कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला घट्ट टेकेल असं बसवा आणि बाकीची खाली लोंबकळू द्या. मी टेकडीवर उभा होतो, मित्र खाली दरीपलीकडे, रबरी अँटेनावर त्याला नुसती खरखर येत होती, ही वायर लावल्यावर तो माझा कॉलसाइन (लायसन्सवरचं रेडिओ-नाव) पूर्ण परत म्हणाला. बोलताना सेट उभा आणि तोंडाजवळ धरायचा, कमरेला लावून बोललात तर शरीरच सिग्नल खातं.

टोन, म्हणजे सीटीसीएसएस, सेटमध्ये हवाच; आवाजासोबत जाणारा हा बारीक सूर जुळला तरच तुमच्या सेटचा स्पीकर उघडतो. मे ते ऑगस्ट या दिवसांत वातावरणाच्या वरच्या थरातून लो बँडच्या लहरी उलटतात आणि हजार-दीड हजार किलोमीटरवरची माणसं शेजारी बसल्यासारखी ऐकू येतात, टोन नसेल तर दिवसभर परक्यांची बडबड ऐकत बसावं लागतं. रुंद चॅनेलची सोयही बघा, कारण 2013 पासून चॅनेल अरुंद करायची सक्ती झाली ती वरच्या बँडांवर, लो बँडला ती लागू नाही, आणि अरुंद सेटिंगवर बोललात तर समोरच्याला आवाज बारीक येतो. 6 मीटरवर लांबच्या देशांशी बोलायची हौस असेल तर मात्र हँडसेट घेऊच नका, ती सगळी गंमत 50.125 च्या एसएसबीवर (बोलायची एक वेगळी पद्धत) आणि 50.313 च्या एफटी8 वर (कॉम्प्युटरने पाठवायचे छोटे संदेश) चालते, हे सेट एफएमचे.

सुट्टीत भारतात जाताना हा सेट बॅगेत टाकू नका, तिकडे अमेरिकेचं लायसन्स चालत नाही, परवानगी वेगळी घ्यावी लागते.

सेट हातात आला की पहिल्याच दिवशी पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर पूर्ण ताकदीने दहा-पंधरा सेकंद बोलून बघा, मध्येच बंद पडला तर बॅटरी गेलेली आहे, जुन्या सेटला नवी बॅटरी मिळते का आणि केवढ्याला ते व्यवहाराआधीच विचारून ठेवा. मग मित्राला आधी अर्ध्या मैलावर, मग दोन मैलांवर, मग टेकडीमागे उभं करा आणि कुठे ऐकू आलं, कुठे नाही ते त्याच कागदावर फ्रिक्वेन्सीच्या खाली लिहून ठेवा.