गोदाकाठची सवय तीर्थनला नेऊ नका: फ्लाय फिशिंगमध्ये या चुका टाळा

जायकवाडीच्या फुगवट्यावर रोहू-कटला ओढून काढणारा हात हिमाचलातल्या ट्राउटवर चुकतो, तो बहुतेक वेळा सवयीमुळेच. साचलेल्या पाण्यात मासा फिरत फिरत आमिषाकडे येतो. तीर्थनसारख्या डोंगरी नदीत ट्राउट दगडाआड, तोंड प्रवाहाकडे करून थांबतो आणि वाहत येईल ते खातो. म्हणजे वाट पाहायची तो पाहतो, फिरायचं आपण.

तारीख चुकते. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारीला बंदी असते. ब्राऊन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडावर अंडी घालतो म्हणून. दिवाळी नोव्हेंबरात आली की सुट्टी पाहून तिकीट काढणारे नेमके यात अडकतात. गहू-हरभरा घरात आल्यावरचा एप्रिल चांगला, किंवा सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. मे महिन्यात बर्फाचं पाणी चढायला लागतं आणि पावसाळ्यात नदी गढूळ होते. नांदेड, परभणी, जालन्याहून सचखंडने अंबाला, तिथून कुलूकडची बस, औटला उतरून बंजार आणि पुढे गुशैणी. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा, त्यावरच्या अटी वाचा आणि नदीवर तो खिशात असू द्या.

शिसं लावून फेकायला जाता. आपल्या गळाला शिशाचं वजन पुढे ओढून नेतं. फ्लायला, म्हणजे पिसं-दोऱ्यांनी आकड्यावर बांधलेल्या नकली किड्याला, वजनच नसतं. वजन असतं ते दोरीत. दोरीचा नंबर तिच्या वजनावरून ठरतो; ५ नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम भरतं आणि तेच काठीला वाकवतं. म्हणून काठी, रीळ आणि दोरी एकाच नंबरची हवी. ९ फुटांची, ५ नंबरची, चार तुकड्यांची काठी पुरेशी आहे. तिची नळी अडीच फुटांच्या आसपास असते, रेल्वेच्या वरच्या बर्थवर सहज मावते.

फेक घरीच शिका, निदान तीन आठवडे, रोज वीस मिनिटं. फ्लायच्या आकड्याऐवजी लोकरीचा धागा बांधा. गवतावर उभे राहा; डांबरावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर दोरीचा लेप खरवडतो आणि ती पाण्यावर तरंगेनाशी होते. मागे बाभळ नाही ना, बघून घ्या. काठी मागे घड्याळातल्या एकच्या जागी थांबवा, दोरी मागे पूर्ण सरळ होऊ द्या, मगच पुढे आणा. घाई केली तर चाबकासारखा फटकारा येतो आणि टोकाची फ्लाय तुटून जाते. दोरीच्या टोकाच्या बारीक दोऱ्यात आपोआप गाठी पडत असतील, तर पुढे आणताना सुरुवातीलाच हिसका बसतो आहे. जोर हळूहळू वाढवा. आणि मे महिन्यात दोरी बंद गाडीत ठेवू नका.

फ्लाय पाण्यावर ओढली जाते. सगळ्यात जास्त मासे इथे जातात, आणि टाकणाऱ्याला ते कळतही नाही. आपण उभे असतो मंद पाण्यात, फ्लाय पडते पलीकडच्या मंद पाण्यात आणि मधून जोराची धार जाते. धार दोरीचं पोट पकडते, कमान खाली वाहते आणि तीन-चार सेकंदांत फ्लाय पाण्यापेक्षा वेगाने सरकू लागते. मागे इंग्रजी व्हीसारखी रेघ उठते. खरा किडा असा पळत नाही. ट्राउट तोंड फिरवतो. फ्लायशेजारी फेसाचा एक बुडबुडा निवडा आणि दोघं सोबत वाहतात का ते बघा. फ्लाय पुढे जात असेल, तर दोरी पडल्या पडल्या काठीचं टोक उचलून दोरीचं पोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला पलटा. फ्लाय न हलता फक्त पोट हललं पाहिजे. तरीही जमत नसेल तर दोन पावलं जवळ जा. लांब फेकीपेक्षा पंचवीस फुटांची फेक बरी.

पाण्याखालच्या निम्फला, म्हणजे १४ किंवा १६ नंबरच्या आकड्यावर बांधलेल्या अळीला, तरंगा खोलीच्या दीडपट अंतरावर लावा. दहा फेकींत एकदाही तळाला अडकली नाही, तर ती मासा आहे तिथपर्यंत पोचतच नाही. तरंगा सहा इंच वर सरकवा.

हिसका मारता. तरंगा जरा थबकला की काठी फक्त उचला. फ्लाय बांधायचा टोकाचा ५एक्स धागा ०.१५ मिलिमीटरचा असतो. कटल्याला मारतो तसा हिसका बसला की गाठीपाशीच तुटतो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली तर घर्षणाने नायलॉन कमजोर होतो.

वरून चालत येता. माशाचं तोंड वरच्या अंगाला, त्यामुळे खालून वर जा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि आधी काठालगतचं पाणी तपासा. बरेच जण थेट गुडघाभर पाण्यात शिरतात आणि तिथलेच मासे उठवतात.

मासा सोडायचा असेल तर आकड्याचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाका, हात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेत बुरशी धरते. तोंड प्रवाहाकडे करून धरा, स्वतः शेपूट मारून सुटेपर्यंत. ऑक्टोबर सरताना उथळ पाण्यात गोट्यांचा एखादा पट्टा आजूबाजूच्यापेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसला, तर तिथे अंडी असू शकतात. वळसा घालून जा.